एका हाकेची चौकशी

साहेबाला हाक मारली म्हणून मुंजाबाची नोकरी गेली. चिकलठाण्याच्या कारखान्यांबाहेर चहाच्या टपऱ्यांवर ही गोष्ट पुढं कित्येक वर्षं सांगितली जायची, आणि सांगणारा ती हसत हसतच सांगायचा. मुंजाबाला मात्र ती ऐकताना कधी हसू आलं नाही.

दौलताबादच्या किल्ल्यामागं डोंगराच्या उतारावर त्याचं गाव. घर धनगराचं. बाप कडूबा मेंढरं राखायचा आणि आई आक्काबाई त्याच्या मागं बिऱ्हाड घोड्यावर टाकून रानोमाळ फिरायची. मुंजाबा मामाकडं राहून सातवीपर्यंत शिकला. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली, वर्षभरात कडूबाही गेला, आणि पोरगा पोट भरायला औरंगाबादेत आला. शहराच्या पूर्वेला चिकलठाण्याच्या माळावर तेव्हा एकामागून एक शेड उभ्या राहत होत्या. गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत तो हेल्पर म्हणून लागला. लोखंड उचलता उचलता शेजारच्या मशीनवर नजर ठेवून राहिला आणि काही वर्षांत स्वतःच ऑपरेटर झाला. त्याच्या गावातून कंपनीत पर्मनंट झालेला तो पहिला माणूस. मुकुंदवाडीला खोली घेतली, बायकोला, बानाबाईला आणलं, मागाहून आईलाही आणलं. धाकटा भाऊ तेवढा गावी राहिला.

मुंजाबाच्या बोलण्यात ‘तुम्ही’ हा शब्द नव्हता. त्याच्या घरातच तो नव्हता. आई तू, बाप तू, मामा तू आणि बिरोबाही तूच. पाटील वाटेत भेटला तर कडूबा लांबूनच ओरडायचा, “ए पाटला, पाऊस काय म्हणतोय?” आणि पाटीलही थांबून उत्तर द्यायचा. कंपनीतला पहिला मॅनेजर परभणीकडचा होता. मशीनचा आवाज बदलला की मुंजाबा त्याला तशीच हाक मारायचा. तो हसत यायचा, वाकून बघायचा आणि जाताना त्याच्या पाठीवर थाप मारायचा. त्यामुळं आपल्या बोलण्यात काही खोट आहे असं मुंजाबाच्या कधी मनातही आलं नाही.

अठ्ठ्याहत्तर साल सरता सरता तो मॅनेजर सोडून गेला आणि मुंबईहून दुसरा आला. हा तरुण होता, परदेशी शिकून आलेला. मराठी त्याला समजायची, पण तो ती बोलायचा नाही. दिवसही बरे नव्हते. त्याच सालच्या जुलैत विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला होता आणि मराठवाडा पेटला होता. गावोगावच्या दलित वस्त्या जळाल्या. मुंजाबा त्या आठवड्यात आईला घेऊन गावी गेलेला होता. शेजारच्या गावावर धूर दिसला तेव्हा त्यानं दार ओढून घेतलं, आणि आपल्याला त्यात काय करायचंय, असं आईला म्हणाला. तो कुणाच्याच बाजूचा नव्हता. निदान त्याला स्वतःला तसं वाटत होतं.

कंपनीत परत आला तर युनियनचे दोन तुकडे झालेले. नामांतर हवं म्हणणारे कॅन्टीनमध्ये एका बाजूला बसत, नको म्हणणारे दुसऱ्या बाजूला. मुंजाबा जेवायला बसायचा तो फकिराबरोबर, खिडकीजवळच्या टेबलावर. फकिरा शेजारच्या मशीनवरचा. तोही त्याच तालुक्यातला, गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतला, आयटीआय केलेला. त्याला इंग्रजी वाचता यायची, थोडी बोलताही यायची. जुलैत ज्या गावावर धूर दिसला होता ते फकिराचंच गाव. त्याच्या चुलत्याचं घर त्यात गेलं. फकिरा त्याबद्दल कधी बोलला नाही आणि मुंजाबानं कधी विचारलं नाही. भाकरी मात्र दोघं वाटून खात.

फेब्रुवारीत जर्मनीहून काही पाहुणे कारखाना बघायला आले. आदल्या दिवशी फरशा धुतल्या होत्या, भिंतींना चुना दिला होता. मॅनेजर पुढं, पाहुणे मागं, अशी मंडळी रांगेनं मशीन बघत चालली होती. नेमकी त्याच वेळी मुंजाबाची मशीन घरघरायला लागली. हत्यार गार ठेवणारं कूलंट येणं थांबलं होतं आणि गिअरचे दात कापणारं ते हत्यार लाल होत चाललं होतं. सुपरवायझर पाहुण्यांसाठी सरबत आणायला गेलेला. मुंजाबानं मशीन बंद केली, मान वर केली, तर समोरच साहेब. मशीनच्या गोंगाटात ऐकू जावं म्हणून त्यानं तोंडाशी हात धरला आणि रानात मारतात तशी हाक मारली.

“ए सायबा, हिकडं ये की. हे बघ काय झालंय.”

साहेब थांबला. पाहुणेही थांबले. एका पाहुण्यानं हसून काहीतरी विचारलं, त्याला साहेबानं उत्तर दिलं नाही. पलीकडच्या ओळीत कुणीतरी फिसकन हसलं, मग आणखी दोघं-तिघं हसले. हसणारे साहेबाला हसत होते की मुंजाबाला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पण साहेबानं ते आपल्यावर घेतलं. त्याचा चेहरा पडला तो मुंजाबालाही दिसला. आपली मशीन बिघडली म्हणूनच साहेब नाराज झाला, असं समजून तो बिचारा मशीनच्याच मागं लागला.

दुसऱ्या दिवशी टाइम ऑफिसात त्याच्या हातात चार्जशीट दिलं. त्यात इंग्रजीत तीन कलमं होती. ती फकिरानं वाचून सांगितली: वरिष्ठांशी उर्मट वर्तन, पाहुण्यांसमोर कंपनीची अप्रतिष्ठा, आणि इतर कामगारांना बेशिस्तीची चिथावणी. चौकशी होईपर्यंत मुंजाबाला गेटबाहेर.

“पर म्या केलं काय?” मुंजाबा विचारत राहिला.

तो युनियनच्या सेक्रेटरीकडं गेला. सेक्रेटरी म्हणाला, मीटिंग बोलावतो. पण कमिटीचे दोन तट एका खोलीत बसायलाच तयार नव्हते, त्यामुळं मीटिंग काही झाली नाही. कंपनीच्या नियमात होतं की चौकशीत कामगाराची बाजू मांडायला दुसरा एक कामगार बसू शकतो. मुंजाबानं पाच-सहा जणांना विचारून पाहिलं. कुणाच्या घरी लग्न निघालं, कुणाला बदलीची भीती. शेवटी न विचारताच फकिरा म्हणाला, “मी बसतो. हाक मारली तवा मी शेजारीच व्हतो.”

चौकशी कॅन्टीनवरच्या खोलीत होती. कंपनीनं नेमलेला चौकशी अधिकारी म्हणजे शहागंजात ऑफिस असलेला एक वयस्क वकील. माणूस वाईट नव्हता, त्यानं मुंजाबाला बसायला खुर्ची दिली. कंपनीच्या बाजूनं पर्सोनेल ऑफिसर, कोपऱ्यात टाइपरायटरवर एक मुलगी, आणि भाषांतराला टाइम ऑफिसातले मधुसूदन. कागद मुंबईच्या हेड ऑफिसला जायचे, म्हणून सगळं इंग्रजीत लिहायचं ठरलं होतं.

मधुसूदन छावणीत राहायचे. त्यांचे वडील अनंतराव एका हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते, आणि घरात व्याकरण जेवणाबरोबर वाढलं जायचं. टाइम ऑफिसात पंचिंगची कार्डं तपासणाऱ्या या माणसाला एखाद्या शब्दाशी थांबायची खोड होती. ती खोड त्या दिवशी पहिल्याच वाक्याला नडली.

वकिलानं विचारलं, कामगार नक्की काय म्हणाला? मुंजाबानं सांगितलं, जसं म्हणाला होता तसं. मधुसूदननी क्षणभर विचार केला आणि टाइप करणाऱ्या मुलीला सांगितलं, “ओ साहिब.”

पर्सोनेल ऑफिसर मोठ्यानं हसला. हा काय चर्चमध्ये प्रार्थना करत होता का, असं त्यानं विचारलं. मधुसूदन जरा गोंधळले, पण हटले नाहीत. ते इंग्रजीतच वकिलाला सांगू लागले. ज्याला हाक मारायची तो शब्द इंग्रजी वाक्यात कुणाचाच नसतो, ना कर्ता ना कर्म. स्वल्पविराम देऊन त्याला बाजूला ठेवतात. जुने शिक्षक त्याला नॉमिनेटिव्ह ऑफ ॲड्रेस म्हणत, पुस्तकात व्होकेटिव्हही म्हणतात. आपल्याकडं ते संबोधन. मराठीत त्याचं रूप बदलतं, देव असेल तर देवा, मित्र असेल तर हे मित्रा. तसंच साहेबचं साहेबा. हे राजा म्हणून मुलं शाळेत ‘ओ किंग’ पाठ करतात, तेच हे. त्या रूपात अपमान नाही. शिवाय साहेब हा शब्दच मुळात मानाचा आहे.

वकिलानं ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, व्याकरण बरोबर असेल, पण मी कुठल्याही कारखान्यात कुणाला ‘ओ’ म्हणताना ऐकलेलं नाही. ‘ए’ला इंग्रजीत सरळ शब्द आहे. त्यानं मुलीकडं वळून तो सांगितला: “हे.”

त्यावर पर्सोनेल ऑफिसरनं आणखी एक मुद्दा काढला. इंग्रजीत ‘यू’ एकच, त्यामुळं मूळ बोलणं किती खालच्या भाषेतलं होतं ते हेड ऑफिसला कळणार नाही. म्हणून पुढं तशी टीप घालावी. टीप घातली गेली. मधुसूदन खाली बघत राहिले. त्यांनाही रोज याच गेटातून आत यायचं होतं.

मुंजाबाला या साऱ्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. आपली हाक या तोंडातून त्या तोंडात जातेय एवढं कळत होतं. पण वकिलानं ‘हे’ म्हटलं तेव्हा त्याला बरं वाटलं. हे देवा, हे पांडुरंगा, असं कीर्तनात म्हणतात ते त्यानं ऐकलेलं होतं. आपला रानवट ‘ए’ या शिकलेल्या माणसांनी पुसून चांगला केला, देवाला म्हणतात तसा केला, असं त्याला वाटलं. उठताना त्यानं वकिलाला हात जोडले. वकिलानंही मान हलवली.

बाहेर टपरीवर आल्यावर त्यानं ते फकिराला बोलूनही दाखवलं. फकिरानं हातातला कप खाली ठेवला.

“मुंजाबा, इंग्रजीतलं ‘हे’ तसलं नसतंय. रस्त्यावर टुकार पोरं एकमेकांला म्हणत्यात ना, तसलं असतंय ते.”

“मग मधुसूदन काय बोलत व्हता इतका वेळ?”

“तो तुझ्याच बाजूनं बोलला. कुणी ऐकलं नाय.”

मुंजाबा खोलीवर आला तेव्हा आक्काबाईनं विचारलं, काय झालं? त्याला सांगता येईना. आपण काय बोललो ते त्याला माहीत होतं. कागदावर काय गेलं ते सांगायला त्याच्यापाशी शब्द नव्हता.

पुढच्या तारखेला त्याचा जबाब होता. फकिरानं त्याच्याकडून तो तयार करून घेतला होता, आणि त्यात एकच सरळ गोष्ट होती: आमच्या भागात सगळेच सगळ्यांना असंच म्हणतात. मी आईला तू म्हणतो, देवाला तू म्हणतो, माझा बाप पाटलाला तू म्हणायचा. यात मान-अपमान काही नाही. मुंजाबानं ते नीट सांगितलं, कुठं अडखळला नाही. मधुसूदननी मन लावून भाषांतर केलं. वकिलानं दोन-तीनदा मान डोलावली, आणि त्या खोलीत पहिल्यांदाच मुंजाबाच्या बाजूनं काहीतरी हललं असं वाटलं.

मग पर्सोनेल ऑफिसरनं फकिराला काही विचारायची परवानगी मागितली. तो माणूस जालन्याकडचा होता, खेडं त्याला ठाऊक होतं. त्यानं मराठीतच विचारलं, तू याच्याच भागातला ना? फकिरा हो म्हणाला. तुझे वडील गावातच असायचे? हो.

“मग ते पाटलाला तू म्हणायचे का?”

खाली कॅन्टीनमध्ये पातेली आपटल्याचा आवाज येत होता. वकिलानं चष्मा काढून पुसला आणि उत्तर द्यायला सांगितलं.

“नाय,” फकिरा म्हणाला.

“मग काय म्हणायचे?”

“मायबाप.”

“आणि पाटील त्यांना?”

“ए.”

मुंजाबा फकिराकडं बघत राहिला. त्याला एकदम कडूबाचा आवाज ऐकू आला. मेंढरू मेलं की गावाबाहेरच्या वस्तीकडं तोंड करून कडूबा असाच ओरडायचा. तिकडून एक म्हातारा लगबगीनं यायचा, लांब उभा राहायचा आणि जी मायबाप म्हणायचा. त्या म्हाताऱ्याला नाव होतं की नव्हतं, हे मुंजाबाला आठवेना. पाटलाला मारलेली हाक आणि म्हाताऱ्याला मारलेली हाक, दोन्ही त्यानं लहानपणापासून ऐकल्या होत्या. शब्द एकच होता, म्हणून हाकही एकच असं तो धरून चालला होता. पाटलाला तू म्हणायची मुभा त्याच्या बापाला होती. फकिराच्या बापाला नव्हती. सगळेच सगळ्यांना म्हणतात, हे जबाबातलं वाक्य त्याला आता स्वतःलाच खरं वाटेना.

पर्सोनेल ऑफिसर म्हणाला, बस्स, एवढंच. म्हणजे कुणाला ए म्हणायचं आणि कुणाला नाही, हे यांच्या गावात सगळ्यांना माहीत असतं.

मधुसूदन ते इंग्रजीत सांगायला लागले आणि मध्येच अडकले. पाटलाला तू म्हणायचे नाहीत, मायबाप म्हणायचे. आणि मायबाप म्हटल्यावर पुढं तुम्ही. तूचंही ‘यू’ आणि तुम्हीचंही ‘यू’. त्यांनी एकदा सांगितलं, खोडायला लावलं, पुन्हा सांगितलं. शेवटी मुलीनं जे टाइप केलं त्याचा अर्थ एवढाच होता की साक्षीदाराचे वडील पाटलाला आई-बाप समजत. वकिलानं त्यावर सही केली. एका माणसाच्या बापाची सारी जिंदगी त्या ओळीत गेली होती आणि वाचणाऱ्याला त्यातलं काहीच दिसणार नव्हतं.

दोघं गेटबाहेर आले. मग मुंजाबानं हळूच विचारलं, “व्हय म्हणला असतास तर?”

“म्हणता आलं असतं,” फकिरा म्हणाला. “तुझी नोकरी ऱ्हायली असती कदाचित. पर माझ्या बापाला गावानं जन्मभर काय म्हणलं, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, मुंजाबा. आज पयल्यांदा विचारलं. ते बी कंपनीनं. तिथं खोटं कामून बोलू?”

फकिराचा राग यावा असं मुंजाबाला वाटत होतं, पण तो येईना.

चौकशीचा निकाल यायच्या आधी पर्सोनेल ऑफिसरनं निरोप पाठवला. साहेबाच्या केबिनमध्ये येऊन, दोन सुपरवायझरांसमोर माफी माग, प्रकरण मिटवू. मुंजाबानं एका पायावर हो म्हटलं. मान-अपमानाची त्याला पडलेली नव्हती. त्याला मशीनवर परत जायचं होतं. साहेबाला आता साहेबा म्हणायचं नाही, सर म्हणायचं, असं मधुसूदननी समजावलं. या शब्दाला काही जोडायचं नाही, बदलायचं नाही, नुसतं सर. मुंजाबानं तो शब्द घोकला. बानाबाई चुलीपुढं असायची, तिच्याकडं बघून सर म्हणायचा. तिला हसू यायचं आणि मग एकदम रडू यायचं.

केबिनमध्ये थंड हवा होती. साहेब टेबलामागं बसला होता, हात एकावर एक ठेवून. मुंजाबा हात जोडून उभा राहिला आणि स्पष्ट म्हणाला, “सर.”

साहेबाच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला.

“सर, माझं चुकलं. मला माफ कर.”

मागं उभा असलेला एक सुपरवायझर खोकला. मुंजाबाला त्याच क्षणी कळलं. सर हा शब्द त्यानं आठवडाभर धरून ठेवला होता, पण त्याच्या पुढचं वाक्य त्याच्या जिभेचंच होतं, आईकडून आलेलं. ‘करा’ म्हणायला हवं होतं. ते तो म्हणालाही, लगोलग दोनदा म्हणाला, “करा, करा,” पण आता ते चिडवल्यासारखं ऐकू गेलं. साहेबानं दाराकडं हात केला.

चार दिवसांनी बडतर्फीचा कागद आला.

लेबर कोर्टात केस टाकली ती फकिराच्या ओळखीच्या एका वकिलानं. पण साक्षीची वेळ आली तेव्हा फकिरा हर्सूलच्या तुरुंगात होता. एकोणऐंशीच्या डिसेंबरात नामांतरासाठी सत्याग्रह झाला, त्यात हजारो माणसं पकडली गेली, त्यांतला तो एक. मुंजाबा कोर्टात एकटाच उभा राहिला. पुढं तारखा पडत गेल्या. न्यायाधीश बदलले. जो आला त्याच्यासमोर इंग्रजी कागद, आणि कागदात ‘हे’. एकानं त्याला विचारलं, तुम्ही असं म्हणालात का? मुंजाबा म्हणाला, नाय साहेब, मी ए म्हणालो. न्यायाधीश म्हणाले, मग तेच ना. त्या दिवशी केस जवळजवळ संपल्यातच जमा झाली. निकाल नंतर विरुद्ध लागला तो नुसता कळवण्यापुरता.

तोवर मुंजाबा छावणीच्या बाजारात भाजीच्या पेट्या उतरवायला लागला होता. तिथं मधुसूदन त्याला एकदा भेटले. हातात पिशवी होती, पण ते भाजी न घेताच उभे राहिले. म्हणाले, मी घरी जाऊन वडिलांनाही विचारलं. तू काय म्हणालास ते इंग्रजीत नेईल असा शब्द त्यांनाही सापडला नाही. इंग्रजीत हाक मारायला जागा आहे, पण आपल्या हाकेला तिथं बसायला जागा नाही. मुंजाबानं ऐकून घेतलं. त्याच्या डोक्यावर पेटी होती. तो म्हणाला, “सरका, लागंल तुम्हाला.”

‘सरका’ आणि ‘तुम्हाला’. हे असं कधीपासून व्हायला लागलं ते त्याचं त्यालाही कळलं नाही. केबिनमधून बाहेर पडल्यापासून त्याच्या जिभेवर पहारा बसला होता. तो कंडक्टरला तुम्ही म्हणायला लागला, भाजीवाल्याला, मेव्हण्याला, शेजारच्या पोराला. आणि एका सकाळी भाकरी वाढणाऱ्या आक्काबाईला म्हणाला, “पुरे, आता तुम्ही जेवा.”

आक्काबाईचा हात तसाच राहिला. “मला म्हणलास व्हय रं?”

मुंजाबानं ताटातली भाकरी मोडली.

“मी काय पाव्हणी हाय का तुझी?”

त्यानं तू म्हणायचा प्रयत्न केला. तोंड उघडलं, पण शब्द ओठाशी येऊन अडकला आणि त्याच्या जागी केबिनमधला तो थंड वारा, तो सुपरवायझरचा खोकला आठवला. बानाबाईनं सासूला समजावलं, शहरात असंच म्हणत्यात, मानानं म्हणत्यात. म्हातारी म्हणाली, मान परक्याला द्यावा. काही दिवस तिनं वाट पाहिली. मग बोचकं बांधलं आणि धाकट्या लेकाकडं गावी निघून गेली. मुंजाबा तिला बसमध्ये बसवायला गेला. खिडकीशी उभं राहून तिला एकदा ‘ए माय’ म्हणावं असं त्याच्या मनात फार होतं. बस सुटेपर्यंत तो गज धरून उभा राहिला.

पुढं शहराच्या दुसऱ्या अंगाला वाळूजला मोठमोठे कारखाने आले. मुंजाबाला तिथं ठेकेदाराकडून काम मिळालं, झाडलोटीचं, कधी माल उचलायचं. मशीनला हात लावायची परवानगी नव्हती. तिथं सगळेच सर होते, त्याच्या निम्म्या वयाचा सुपरवायझरही. तो सर म्हणायचा, करा म्हणायचा, चुकायचा नाही. एखाद्या मशीनचा आवाज बदललेला त्याला लांबून कळायचा. तो जागच्या जागी थांबायचा, ऑपरेटरकडं बघायचा, आणि झाडू पुढं ढकलायचा.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाला नाव लागलं. त्या संध्याकाळी फकिरा मुकुंदवाडीला पेढे घेऊन आला. केस पांढरे झाले होते, आवाज बसला होता. मुंजाबानं खुर्ची पुसून पुढं केली आणि म्हणाला, “बसा. तुम्ही आलात, बरं वाटलं.”

फकिरा बसला नाही लगेच. त्याच्या बापाला गावातल्या कुणीही कधी बसा म्हटलं नव्हतं. हा शब्द त्याच गावाकडच्या धनगराच्या पोरानं त्याला म्हटला होता, तोही नाव लागल्याच्या दिवशी, आणि तरी फकिराला तो नको होता.

“मला कामून तुम्ही म्हणायलास?” त्यानं विचारलं.

“येतच नाय दुसरं,” मुंजाबा म्हणाला. “लई करून बघितलं.”

फकिरानं पेढा त्याच्या हातावर ठेवला. दोघांनी तो खाल्ला. चहा होईपर्यंत जुन्या मशीनबद्दल थोडं बोलणं झालं, मग तेही संपलं.

मुंजाबा सुट्टीच्या दिवशी गावी जायचा. आक्काबाई आता फार थकली होती, भिंतीला टेकून उन्हात बसायची. तिला तुम्ही म्हटलेलं सोसत नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि तू त्याला येत नव्हतं. म्हणून त्यानं अशी वाक्यं शोधून काढली होती की ज्यांत कुणाला काहीच म्हणावं लागत नाही. जेवण झालं का? पाय दुखतोय का? औषध संपलं असंल. थंडी वाजतीया का? दुपारभर तो तिच्याशी असंच बोलत बसायचा. सुरुवातीला म्हातारी प्रत्येक वाक्यानंतर त्याच्या तोंडाकडं बघायची, पुढं काही येतंय का म्हणून. मग तिनं बघणं सोडलं. आणि गेल्या काही महिन्यांत तीही तसंच बोलायला लागली होती.

“च्या ठिवायचा का?” ती विचारायची.

“ठिवावा,” मुंजाबा म्हणायचा.